मदत हवी आहे: ‘करायला लावलं’ इंग्रजीत नेमकं कसं लिहू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, पंचवटीत राहते. दिंडोरी आणि निफाड भागातल्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलाखती आमच्या छोट्या गटाने घेतल्या आहेत. बऱ्याचजणी पेठ-सुरगाण्याकडून टोळीने येणाऱ्या. मुलाखती मराठीत उतरवून झाल्या, आता इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आहे. ते वाचणारी माणसं या बायकांना कधी भेटणार नाहीत. मी जो शब्द लिहीन, तोच त्यांचा शब्द ठरणार. म्हणून इतकी अडून बसले आहे.

वाक्यं अशी आहेत (ओळख पटू नये म्हणून थोडी बदलली आहेत):

‘मालकानं विरळणी पुन्हा करायला लावली.’ (विरळणी म्हणजे द्राक्षाच्या घडातले जास्तीचे मणी काढणं.)
‘मुकादमानं छाटणी संपेस्तोवर थांबायला लावलं. उचल घेतलेली ना.’
‘जावेनं लावलं मला यायला, मी नव्हते येणार.’
‘आम्ही सगळ्या बांधावर बसून राहिलो, मग त्याला रोज वाढवायला लावला.’ (रोज म्हणजे दिवसाची मजुरी.)
‘पावसानं काम थांबवायला लावलं.’

पाचही ठिकाणी ‘लावलं’. ऐकताना काही अडत नाही, कारण सांगणारीच्या आवाजात सगळं असतं. कागदावर आवाज येत नाही. इंग्रजीत मात्र मेक, गेट, हॅव, फोर्स, कंपेल, पर्सुएड असे कितीतरी शब्द समोर येतात, आणि त्यातला कुठलाही उचलला की जोर कोणाचा होता आणि समोरच्याची मर्जी होती का, हे आपण ठरवून मोकळे होतो. सगळीकडे ‘मेड’ लिहिलं तर सपाट होतं. ‘फोर्स्ड’ लिहिलं तर जो आरोप बाईने केलाच नाही तो तिच्या तोंडी जाईल अशी भीती वाटते. आणि उलटंही आहे: तिने आरोप केला असेल आणि मी तो गुळगुळीत करून टाकला तर?

शब्दकोश पाहिले. ते अर्थ देतात, पण निवड कशावरून करायची ते सांगत नाहीत. तुम्ही कशी करता?

शिक्षिका_सिन्नर:
ताई, मी मुलांना दोन प्रश्न विचारायला सांगते. एक, सांगणाऱ्याला तसा अधिकार होता का? दोन, ऐकणाऱ्याचा विरोध होता का?

‘हॅव’ मध्ये अधिकार गृहीत असतो आणि विरोधाचा विषयच नसतो. ‘शी हॅड द क्लार्क टाइप द लेटर.’ कारकुनाचं ते कामच आहे. ‘गेट’ मध्ये खटपट असते: मनधरणी, युक्ती, चिकाटी, काहीही. अधिकार नसला तरी चालतो. ‘मेक’ मध्ये समोरच्याला पर्याय राहिलेला नसतो. कशामुळे राहिला नाही, ते मात्र तो शब्द सांगत नाही. ‘फोर्स’ आणि ‘कंपेल’ विरोध होता हे उघड करतात. त्यातही ‘कंपेल’ थोडा पुस्तकी, कायदा किंवा कर्तव्य यांच्या रेट्यासाठी जास्त शोभतो.

जावेच्या वाक्यात भरीस घालणं आहे. तिथे ‘माय सिस्टर-इन-लॉ टॉक्ड मी इनटू कमिंग’ चपखल बसेल. ‘पर्सुएडेड’ सुद्धा चालेल, पण त्यात पटल्याचा सूर येतो. भरीस पडलेल्या माणसाला पटलेलं असतंच असं नाही. ‘अर्ज्ड’ नको. त्यात आग्रह झाला एवढंच कळतं, बाई आली की नाही ते कळत नाही.

पावसाला ‘हॅड’ चालणार नाही, तिथे हुकूम देणारं माणूस लागतं. ‘द रेन फोर्स्ड अस टू स्टॉप’ बिनधास्त लिहा. कर्ता माणूस नसला की ‘फोर्स’ मध्ये आरोप उरत नाही.

व्याकरणाचं एक, कारण इथे हमखास घसरायला होतं: ‘मेड मी स्टे’ मध्ये ‘टू’ येत नाही, पण कर्मणी केलं की येतो, ‘आय वॉज मेड टू स्टे’. ‘गेट’ ला मात्र कर्तरीतही ‘टू’ लागतोच.

बागाईतदार_निफाड:
विरळणीबद्दल बोलतो, कारण ते वाक्य आमच्याबद्दल आहे. निर्यातीच्या मालात घडात किती मणी ठेवायचे हे ठरलेलं असतं, दाटी राहिली तर मणी फुगत नाहीत. एकदा हात फिरवून झाल्यावर पुन्हा फिरवावा लागणं हे नेहमीचं आहे. पण ताई, ते काम रोजाने होतं की ठोक्याने (म्हणजे सगळ्या कामाचे मिळून ठरलेले पैसे), हे आधी विचारा. रोजाने असेल तर दुसऱ्या दिवसाचे पैसे मिळालेच असणार. ठोक्याने असेल तर पुन्हा केलेलं काम बहुतेक फुकटात गेलं. दोन्हीला एकच शब्द लावू नका.

शिक्षिका_सिन्नर:
दादांनी लाखमोलाचं सांगितलं. रोजाने असेल तर ‘हॅड अस थिन द बंचेस अगेन’, ठोक्याने आणि बिनपैशाने असेल तर ‘मेड अस’.

काळा_कोट:
मुकादमाच्या वाक्यावर जरा थांबा. भारतातला कामगारांचा अहवाल असेल तर ‘फोर्स्ड’ हा साधा शब्द राहत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये वेठबिगारीला मनाई आहे. १९८२ मध्ये पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकामावरच्या मजुरांच्या बाबतीत, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जबरदस्ती म्हणजे फक्त मारहाण किंवा धमकी नव्हे. पोटासाठी दुसरा मार्गच उरला नाही म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावं लागणं, हीसुद्धा जबरदस्तीच. शिवाय १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उचलीशी थेट संबंधित आहे: घेतलेल्या उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जायची मोकळीक राहिली नाही, तर ते त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं.

म्हणून ‘फोर्स्ड’ घाबरून टाळू नका आणि घाईने लिहूही नका. त्या बाईंना विचारा: मध्येच निघाला असता तर काय झालं असतं? उत्तर ‘उरलेली उचल परत करून गेले असते’ असं आलं तर एक शब्द, ‘जाऊच दिलं नसतं’ असं आलं तर दुसरा.

‘कोअर्स’ शक्यतो टाळा. १८७२ च्या करार कायद्यात कलम १५ खाली त्याची स्वतंत्र व्याख्या आहे. ‘इंड्यूस’ सुद्धा. फसवणुकीच्या व्याख्येत तो शब्द येतो, आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ मध्ये, आता न्याय संहितेच्या ३१८ मध्ये. वकिलाला वाचताना तिथे लबाडी दिसते.

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचा प्रश्न विचारला. काम ठोक्याचं होतं, पुन्हा केल्याचे पैसे मिळाले नाहीत. तिथे ‘मेड अस’ लिहिते आहे आणि पुढे ‘विदाउट पे’ जोडते आहे, कारण ते त्या बाईंनी स्वतः सांगितलं.

मुकादमाबद्दल विचारल्यावर बाई म्हणाल्या, ‘जायचं नाव काढलं की पोराचं आधार कार्ड देत नव्हता.’ पहिल्या मुलाखतीत हे आलंच नव्हतं, आम्ही विचारलंच नव्हतं. आता तिथे ‘फोर्स्ड अस टू स्टे’ लिहिणार आणि कार्डाचं वाक्य त्याला लागूनच ठेवणार. वकीलसाहेब, याबद्दल तुम्हाला वेगळा निरोप पाठवते आहे, कृपया पाहाल का? बाईंची परवानगी घेतली आहे.

रोज वाढवल्याचं वाक्य अजून अडलं आहे. ‘गॉट हिम टू रेझ द वेज’ की ‘मेड हिम’? मला ‘मेड’ हवंसं वाटतं. त्या बांधावर बसून राहिल्या होत्या, विनवण्या करत नव्हत्या.

शिक्षिका_सिन्नर:
‘मेड’. मुळीच बदलू नका.