व्हीपीए पूर्ण मोकळा सोडायचा का नुसता सल्ल्यापुरता ठेवायचा?

काटकसर:
आमच्या कुबरनेटीस क्लस्टरवर (अनेक सर्व्हरवर ॲप चालवणारी यंत्रणा) व्हर्टिकल पॉड ऑटोस्केलर म्हणजे व्हीपीए बसवलाय, तो वापर बघून प्रत्येक पॉडला (चालत्या ॲपची एक प्रत) किती सीपीयू-मेमरी द्यायची ते ठरवतो. दोन आठवडे ऑफ मोडवर ठेवून नुसत्या शिफारशी बघितल्या आणि कपाळाला हात लावला. सगळ्यांनी यामलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) अंदाजपंचे आकडे ठोकलेत, एक सर्व्हिस २ कोर अडवून बसलीय आणि खातीय जेमतेम १५० मिलिकोर (०.१५ कोर). पॉडला जागा देणारा शेड्युलर वापर बघतच नाही, रिक्वेस्ट म्हणजे राखून मागितलेला आकडा बघतो, म्हणून नोड (सर्व्हर) कागदावर फुल्ल आणि आतून रिकामे, बिल मात्र चालू. मी म्हणतो सरळ रिक्रिएट मोडवर टाकून मोकळं व्हा, तो आकडे आपणहून लावेल. हाताने आकडे सुधारू म्हणणारे किती जण खरंच सुधारतात ते माहितीय आपल्याला.

रात्रपाळी:
अजिबात नको. व्हीपीएचा अपडेटर चालता पॉड इव्हिक्ट करतो म्हणजे बंद पाडतो, नवा उठताना त्याचाच ॲडमिशन कंट्रोलर त्यात नवे आकडे घालतो, आणि हे भर ट्रॅफिकमध्ये झालं की फोन कोणाला येतो? मला. एकदा शिफारसच एवढी मोठी आली की कुठल्याच नोडवर मावेना, पॉड पेंडिंग, आणि मी पहाटे अडीचला चहा घेऊन डिस्क्राइब कमांडचं आउटपुट वाचत बसलोय.

काटकसर:
मॅक्सअलाउड (शिफारशीची कमाल मर्यादा) लावलं नव्हतं ना? मग टूलला का शिव्या. तो पीडीबी (एकावेळी किती पॉड बंद करता येतील त्याचा नियम) पाळतो, आणि एकच रेप्लिका (पॉडची प्रत) असेल तर डिफॉल्टला हातसुद्धा लावत नाही, किमान २ लागतात.

जावाचा_जावई:
तुमचं चालू द्या, पण आमच्या जेव्हीएमचं (जावा ॲप चालवणारा प्रोग्रॅम) काय? हीप (जावाची मेमरी) एकदा घेतली की ती सहजी परत देत नाही, व्हीपीएच्या शिफारस करणाऱ्या रेकमेंडरला वाटतं याची भूकच एवढी आहे. एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) फिक्स असेल तर मेमरी वाढवून उपयोग शून्य, आणि टक्केवारीवर असेल तर रिक्वेस्टच्या प्रमाणात लिमिट (वापराची कमाल मर्यादा) वाढते, लिमिटबरोबर हीप, हीप बघून परत शिफारस... मी मेमरी काढून घेतली त्याच्याकडून, फक्त सीपीयू दिलाय.

रात्रपाळी:
आणि त्याच सीपीयूवर एचपीए (पॉडची संख्या कमी-जास्त करणारा ऑटोस्केलर) असेल तर अजून मजा. एचपीएची टक्केवारी रिक्वेस्टवर निघते, व्हीपीएने रिक्वेस्ट कमी केली की वापर चढलेला दिसतो, एचपीए भसाभस रेप्लिका वाढवतो. दोघांना एकाच मेट्रिकवर ठेवू नका असं डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय, वाचतं कोण.

सोमवारचा_बॅच:
माझं दुखणं वेगळंय. व्हीपीएची आठवण कच्ची आहे, दर २४ तासांनी जुन्या सँपलचं वजन निम्मं होतं, म्हणजे सोमवारी आलेला लोड रविवारपर्यंत चौसष्टावा हिस्सा उरतो आणि पुढच्या सोमवारी आम्ही परत थ्रॉटल (सीपीयू कमी पडून मंद). महिनाअखेरचं तर बोलूच नका. रोज सारखाच ट्रॅफिक असणाऱ्यांसाठी भारी आहे, नाही म्हणत नाही.

अवांतर: मेमरीची शिफारस डिफॉल्टला पॉडमागे २५० एमबीच्या खाली जातच नाही. ३० एमबीत चालणारे बारके पॉड ढिगाने असतील तर काटकसरभाऊ, तुमचं बिल वाढेल, रेकमेंडरचा फ्लॅग (सेटिंग) बदला आधी.

काटकसर:
हे २५० वालं खरंच लक्षात नव्हतं, बघतो. पण बाकीची रडगाणी जुनी झाली, कुबरनेटीस १.३३ मध्ये बीटात आलेलं इन-प्लेस रिसाइझ १.३५ पासून स्टेबल आहे, पॉड न मारता सीपीयू मेमरी बदलते.

रात्रपाळी:
व्हीपीएच्या त्या मोडचं नाव नीट वाचा, इन-प्लेस 'ऑर' रिक्रिएट. जागेवर जमलं नाही तर परत इव्हिक्शनच.
माझं ऐकाल तर इनिशियलवर ठेवा, चालत्या पॉडला धक्का नाही, पुढच्या डिप्लॉयला नवे आकडे आपोआप लागतात.

जावाचा_जावई:
इनिशियलला +१, फक्त टीमला सांगून ठेवा की व्हीपीए डिप्लॉयमेंट (पॉड कसे बनवायचे त्याची व्याख्या) बदलत नाही, थेट पॉड बदलतो. आमच्याकडे एक पोरगा अर्धा दिवस शोधत होता की यामलमध्ये ५१२ असताना पॉडला ९०० कोणी दिले.

काटकसर:
ठीक. स्टेटलेस (स्वतःत डेटा न साठवणाऱ्या) गो सर्व्हिसेस रिक्रिएटवर, मॅक्सअलाउड लावून. जावावाले इनिशियलवर, डेटाबेसला हात नाही.

रात्रपाळी:
चालेल. फक्त शुक्रवारी संध्याकाळी करू नका.