मुंबईत जन्मलेल्या ब्रँडचे श्रेय मुंबईला द्यावे का?

गिरगावकर (धागाकर्ता)

मोहनलाल दयाल चौहान यांनी 1929 मध्ये विलेपार्ल्यात गोळ्या आणि मिठाईचा कारखाना काढला, दहाएक वर्षांनी तिथे बिस्किटे होऊ लागली आणि मुंबईच्या एका उपनगराचे नाव पुड्यावरून देशभर पोहोचले. अशा उत्पादनांविषयी आपण बोलतो तेव्हा संस्थापकाच्या जिद्दीची कहाणी सांगतो आणि शहराला केवळ पत्त्यापुरते ठेवतो. हे मला अन्यायाचे वाटते.

दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 मध्ये शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या अवतीभवती शाळा, कचेऱ्या, छापखाने आणि पेढ्या होत्या. आजचे कॅम्लिन त्या गिऱ्हाइकीवर उभे राहिले. 1942 मध्ये महायुद्धामुळे रंगांची आयात बंद पडली आणि चार मित्रांनी गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केले. केशव विष्णू पेंढरकर यांचे नागपुरात किराणा दुकान होते, पण विको उभी राहिली ती 1952 मध्ये, परळमध्ये. तुटपुंज्या भांडवलाच्या माणसाला कच्चा माल, बंदर, कारागीर आणि गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर मिळणे, ही शहराने घातलेली भर आहे. महापालिकेच्या शाळांत परिसर अभ्यास शिकवताना हा इतिहास शहराचा इतिहास म्हणून शिकवला जावा, असा माझा आग्रह आहे.

अर्थवेध

मी असहमत आहे, आणि आपणच दिलेल्या उदाहरणावरून माझे म्हणणे मांडतो. एशियन पेंट्सचे संस्थापक रंग घेऊन बाजारात उतरले तेव्हा शहरातल्या बड्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्यांना उभे केले नाही, कारण त्यांचे संबंध जुन्या विदेशी कंपन्यांशी होते. म्हणून हे लोक लहान गावांतल्या दुकानदारांकडे गेले. तिथे त्यांच्या लक्षात आले की पोळ्याच्या आधी शेतकरी बैलांची शिंगे रंगवण्यासाठी थोडासाच रंग मागतात, आणि त्यांनी छोट्या डब्यांतून मोजके रंग विकायला सुरुवात केली. या कंपनीला पहिली खरी बाजारपेठ मुंबईने दिली की पोळा साजरा करणाऱ्या खेड्यांनी? मला उत्तर स्पष्ट दिसते. गॅरेज गायवाडीत होते एवढ्यावरून श्रेय गायवाडीला देणे म्हणजे ज्यांनी पैसे मोजून तो माल घेतला त्यांना विसरणे होय.

दुसरे उदाहरण अमृतांजनचे. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी ते 1893 मध्ये मुंबईत सुरू केले आणि 1914 च्या सुमारास व्यवसाय मद्रासला नेला. आज त्याला कोणी मुंबईचे म्हणत नाही आणि औषधाच्या गुणात त्यामुळे काही फरक पडलेला नाही. कृती आणि विश्वास ही उद्योजकाची मालमत्ता असते. ती त्याच्याबरोबर जाते. पारलेचा कारखाना निघाला त्याच वर्षी, 1929 मध्ये, कोलकात्यात बोरोलीन हे मलम निघाले. स्वदेशीचे वारे साऱ्या देशात होते, ते एका शहराचे नव्हते.

गिरगावकर

पोळ्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. परंतु रंग खेड्यात विकला गेला तरी तो तयार करण्याची सोय खेड्यात नव्हती. अमृतांजन आणि बोरोलीन यांची उदाहरणे तर माझ्याच बाजूने बोलतात: एक मुंबईत सुरू झाले, दुसरे कोलकात्यात, आणि मुंबईहून उठलेला व्यवसायही मद्रासलाच गेला. तिन्ही बंदरे, तिन्ही मोठी व्यापारी शहरे. स्वदेशीचे वारे सर्वत्र होते हे खरे असेल, तर नवे धंदे अशाच शहरांत का रुजले, याचे उत्तर केवळ उद्योजकाच्या गुणांतून मिळत नाही.

लालबागकर

आपण दोघेही मालकांविषयीच बोलत आहात, म्हणून लिहितो.

अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये आमच्या लालबागमध्ये कुलपांचा कारखाना सुरू केला, हे सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजच्या विक्रोळीतल्या कारखान्यात लाखो मतपेट्या तयार झाल्या, हेही सांगितले जाते. पेटीला बाहेरून कुलूप लावले असते तर खर्च वाढला असता. आतूनच बंद होणारी कळ कारखान्यातल्या एका कारागिराने सुचवली आणि पेटी ठरल्या किमतीत बसली. ब्रँडच्या कहाणीत हा कारागीर किती जणांना माहीत आहे? शहराने काय दिले, असे कोणी विचारले तर मी प्रथम या माणसाकडे बोट दाखवीन, बंदराकडे किंवा पेढ्यांकडे नंतर.

बॉम्बे डाइंग या कापड गिरणीचे नावच या शहराचे आहे आणि ती कंपनी 1879 ची. गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा कामावर गेले नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आले. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला. लोकलमधून जाताना येणारा बिस्किटे भाजल्याचा वास अनेकांना आठवतो, पण तिथल्या कामगारांविषयी फार कमी लिहिले गेले. श्रेय घ्यायचे असेल तर हा हिशेबही त्याच वहीत लिहावा लागेल.

अर्थवेध

लालबागकरांचा मुद्दा न्यायाचा आहे आणि मला तो मनापासून पटतो. मात्र त्याने मूळ प्रश्न सुटत नाही, उलट अवघड होतो. श्रमावरून ठरवायचे तर प्रीमियर पद्मिनी ही मोटार कुर्ल्याची, कारण ती तिथल्या हातांनी जोडली. जन्मावरून ठरवायचे तर ती इटलीच्या फियाटची. मालकीवरून ठरवायचे तर मूळचे पारलेचे थम्स अप 1993 पासून कोका-कोलाचे आणि कॅम्लिनमधला बहुतांश हिस्सा 2011 नंतर जपानच्या कोकुयोचा. आपण सोयीनुसार कसोटी बदलतो आणि प्रत्येक वेळी उत्तर ‘मुंबई’ येईल असे पाहतो. मुलांना हे शिकवायचे असेल तर शहराच्या अभिमानाऐवजी वस्तू कशी बनते, कोण बनवते आणि कोण विकत घेते हे शिकवावे.

गिरगावकर

मालकी मी कसोटी मानतच नाही. कंपनी विकली गेली तरी ती कोणत्या गल्लीत, कोणत्या टंचाईत आणि कोणाच्या हातांनी उभी राहिली हे बदलत नाही, आणि मला तेवढेच शिकवायला हवे आहे. आपण सुचवलेले तिन्ही प्रश्न गायवाडीपासून सुरू करता येतील. तिथून पोळ्यापर्यंत जाण्यास माझी हरकत नाही. माझा विरोध आहे तो गल्ली वगळून थेट कंपनीच्या यशाकडे जाण्याला.

लालबागकर

त्या पाठात 2016 आणि 1982 ही वर्षे असतील तर माझा पाठिंबा आहे. कारखाना कसा निघाला एवढ्यावर पाठ थांबणार असेल आणि तो कसा बंद झाला, तिथे काम करणाऱ्यांचे पुढे काय झाले हे गाळले जाणार असेल, तर तो कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा वेगळा राहणार नाही आणि मी त्याला विरोधच करीन.