गणित वेगळं ठेवा, परिसर अभ्यास जुळतो

शाळेने पीवायपी (आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय मंडळाचा प्राथमिक वर्गांसाठीचा कार्यक्रम) घेतलं की पोरांना बालभारती वेगळं आणि प्रकल्प वेगळे, असं दुप्पट ओझं होतं, असं एक म्हणणं आहे. ते मला अर्धंच पटतं. पीवायपी ही चौकट आहे, तिला स्वतःची पाठ्यपुस्तकं नाहीत. सहा व्यापक विषयसूत्रं दिलेली असतात आणि त्यांत काय भरायचं ते शाळा ठरवते. ओझं वाढतं ते शाळा पीवायपी आणि बालभारती दोन्ही समांतर चालवतात म्हणून.

सहसा कुणी काढत नाही असा एक मुद्दा म्हणजे बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक. ते जिल्हावार निघतं, नाशिकचं वेगळं. मी इथे प्राथमिकला शिकवते. पीवायपीच्या एका घटकासाठी ‘पाणी कुठून येतं आणि कुणाला मिळतं’ हा प्रश्न घेतला की गंगापूर धरण, गोदावरी, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा सगळं त्यात येतं. पुस्तकातला नकाशा आणि पाण्याचे धडे पोरं स्वतःहून उघडतात. बागायतदारांच्या घरची पोरं वर्गात असली तर बाईंनी गप्पच बसावं, ठिबकबद्दल तीच आपल्याला शिकवतात!

गणिताचं मात्र असं होत नाही. हातच्याची वजाबाकी ओढूनताणून पाण्याच्या घटकात बसवायची काही गरज नाही. स्वतंत्र तास घेतला तर पीवायपीची हरकत नसते. मराठीही २०२०च्या कायद्याने आयबीसकट सगळ्या मंडळांच्या शाळांना सक्तीची आहे, त्यामुळे प्रवेश घेताना ‘मराठी कोण आणि कशातून शिकवतं’ हे विचाराच.