प्रभागात सभा भरवून काय दिवे लागणार आहेत?

वाकडा चष्मा
काल कुणीतरी लिहिलं, "नगरसेवकांना क्षेत्रसभा घ्यायला लावा, शहर वर्षभरात सुधारेल." खाली नुसता वाहव्वाचा पाऊस. तिथे दोन ओळींत उरकेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

क्षेत्रसभा म्हणजे प्रभागाचे छोटे भाग (क्षेत्रं) पाडून त्या-त्या भागातल्या मतदारांची सभा. तिचा कायदा 2009 चा आहे. दोन वर्षांत चार सभा घेतल्या नाहीत तर नगरसेवकपद जाऊ शकतं, हेही त्यातच आहे. गेलंय कुणाचं? क्षेत्रं आखायचं कामच लोंबकळत ठेवलं की ठपका ठेवणार कुणावर? शिवाय सभेचा अध्यक्ष नगरसेवकच. म्हणजे ज्याला जाब विचारायचा, तोच ठरवणार कुणी बोलायचं.

आमच्याकडे एकदा "नागरिकांशी संवाद" झाला. शाळेसमोर रस्ता ओलांडायला सिग्नल द्या, एवढंच मी मागितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा महिन्यांनी त्याच कोपऱ्यावर "सौजन्य" लिहिलेली दोन स्टीलची बाकडी आली.

बांधावरचा
साहेब, तुम्हाला जे मिळालं नाही ते आम्हाला मिळालंय, म्हणून सांगतो. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! आमच्याकडं पहिली सभा तहकूब करण्यासाठीच बोलावतात. नंतर शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो. एका ठरावावर माझ्या थोरल्या भावाची सही आहे. भाऊ तेव्हा मुंबईला होता.

सुमनताई
पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते, म्हणून बोलते. सगळाच कागदी खेळ नसतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे आम्ही दारूच्या दुकानाविरुद्ध ठराव केला. मुख्य सभेत पुरुष मंडळी म्हणाली, "विषय पत्रिकेवर नाही." महिला सभेचा ठराव हातात होता म्हणून तोंड बंद झालं. दुकान हटायला पुढे दोन वर्षं गेली, पण हटलं. चष्मेवाले भाऊ, सिग्नलसाठी तुम्ही दुसऱ्यांदा गेलात का?

वाकडा चष्मा
ताई, दुसरी सभा झालीच नाही. जाऊ कुठे?

जंगलवाट
गडचिरोलीचं मेंढा (लेखा) विसरलात सगळे. "आमच्या गावात आम्हीच सरकार" नुसतं भिंतीवर रंगवलं नाही त्यांनी. निर्णय सर्वसहमतीने घेतात, त्याआधी अभ्यासगटात विषय चावून चोथा करतात. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. आणि हिवरे बाजार? पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं.

वाकडा चष्मा
वाटच पाहत होतो! राज्यात 28 हजारांच्या आसपास ग्रामपंचायती, नावं मात्र कायम हीच दोन. एवढ्याशा गावात सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्या प्रभागात अर्धे भाडेकरू, त्यातल्या निम्म्यांचं मतदान दुसऱ्या गावी.

नाना 72
मूळ विषय बाजूला ठेवून एक सांगतो. बाकड्यांची टिंगल बंद करा. माझे दोन्ही गुडघे गेलेत. भाजी घेऊन येताना टेकायला ते एकच ठिकाण आहे. त्यावर कुणाचं नाव आहे याच्याशी मला काय करायचंय?

दुसरा मजला
नाना, दिवसा तुम्ही टेकता. रात्री अकरानंतर माझ्या खिडकीखाली त्याच बाकड्यावर कोण टेकतं ते बघायला या. वाढदिवसाचे केक, गाण्यांचा दणदणाट, सकाळी बाटल्या. कुणाला विचारून बसवलं?

नाना 72
मग पोलिसांना फोन करा. म्हाताऱ्यांचं बाकडं का उपटता?

दुसरा मजला
पोलिसांना केला नसेल असं वाटतं का? तुम्ही झोपलेले असता हो.

नाना 72
झोप येत नाही मला. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं ना वर!

सुमनताई
हेच भांडण सभेत झालं असतं तर बाकडं पन्नास फूट पलीकडे गेलं असतं. दोघांचंही भागलं असतं.

बांधावरचा
किंवा दोघांच्याही सह्या घेऊन तिसरं बाकडं आलं असतं.

जंगलवाट
उपहास पुरे. पुण्या-मुंबईत मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत प्रशासकच होते. त्या काळात प्रश्न विचारायला समोर नगरसेवक तरी होता का? आता आहे, तर सभा मागा. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, त्याचे अर्ज तरी किती जण भरतात?

वाकडा चष्मा
ठीक. सभेने शहर सुधारेल हे मी मानत नाही, अजूनही नाही. पण इतिवृत्त आठवड्यात वेबसाइटवर टाकायचं, मागणी कुणाची आणि नाकारली कुणी ते नावानिशी लिहायचं, आणि अध्यक्ष नगरसेवक नको, एवढं होणार असेल तर मी पहिल्या रांगेत बसतो. होणार नाही, ते सोडा.

सुमनताई
म्हणजे सभा हवीच आहे तुम्हाला. सरळ म्हणायला जीभ जड होते, इतकंच.

वाकडा चष्मा
मी अटी घातल्यात, ताई. त्या वाचा.

नाना 72
बाकडं हलवायचा ठराव आला तर माझा विरोध. आत्ताच लिहून ठेवा.