ताडोबा, पेंच की कान्हा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरकर. एप्रिल-मेमध्ये मुलांना आणि आईला घेऊन जंगल सफारीला जायचं आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिप्सीतले धक्के किती सोसतील ही माझी मोठी काळजी.

मुलांना जंगलाची गोडी लागली ती आपल्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे. माळढोक पक्षी काही दिसला नाही, पण काळविटांचा कळप गवतातून टणाटण उड्या मारत गेला आणि धाकटी गाडीत उभीच राहिली. आता तिला वाघ बघायचाय.

ताडोबा मनात आहे, कारण वाघ दिसण्याची शक्यता तिथे चांगली, आणि नागपूर किंवा चंद्रपूर गाठलं की पुढे सोपं. पण मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. आपल्याला उन्हाची सवय असली तरी आईला ते झेपेल का? पाणवठे आटतात म्हणून वाघ याच दिवसांत दिसतात, हेही खरं. कान्हाचं सालवन आणि बारशिंगा मला स्वतःला फार बघायचे आहेत, फक्त प्रवास लांबतो. पेंच मधलं वाटतं.

ताडोब्याचा कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) मंगळवारी बंद असतो, एवढं ठाऊक आहे. मोहर्ली गेट बरं की कोलारा? कोअरचं बुकिंग मिळालं नाही तर नुसत्या बफरवर (कोअरभोवतालच्या जंगलावर) समाधान होतं का? वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा, सकाळची फेरी घ्यावी की दुपारची?