कसावा मोझेक : क्यूटीएल येतच नाहीये, गुरुवारी गाईडला दाखवायचंय!

पूर्वा_चुनाभट्टी : कसावा म्हणजे साबुदाण्याचा कंद. त्याच्या मोझेक रोगाला रोखणारी गुणसूत्रावरची जागा (क्यूटीएल) शोधतेय. रोग न लागणारी टीएमई३ आणि एक रोगाला बळी पडणारी जात, असा क्रॉस आहे. डेटा केरळहून आलाय, मी मुंबईत बसून मॅपिंग करतेय. आर-क्यूटीएल सॉफ्टवेअरमध्ये लॉड, म्हणजे पुराव्याचा आकडा, २ च्या वर जात नाही, पुरावा कच्चाच. सीएमडी२ ही प्रतिकाराची जागा गुणसूत्र १२ वर आहे हे जगाला माहीत, मलाच दिसत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. अर्जंट!!

शिवडीकर : झाडं किती? पिढी कुठली? मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या खुणा, कुठल्या? ज्योतिषाकडे जातानाही जन्मवेळ सांगतात हो.

पूर्वा_चुनाभट्टी : १६८ झाडं, मार्कर जीबीएसचे (डीएनए वाचून काढलेले), लक्षणांना १ ते ५ गुण. पिढी एफ२च, म्हणजे नातवंडांची, असणार ना? सॉफ्टवेअरमध्ये तेच निवडलंय.

माहीमची_काकू : साबुदाण्याला रोग आलाय का? उद्या चतुर्थी, अर्धा किलो भिजत घातलाय.

शिवडीकर : काकू, बिनधास्त खा. विषाणू झाडाचा आहे, पांढरी माशी पसरवते.

आकडेमोड : क्यूटीएल जुनं झालं. सरळ जीवॅस करा, नाना जातींची झाडं एकत्र घेऊन जीनोमभर शोध.

शिवडीकर : एकाच जोडप्याच्या १६८ पोरांवर जीवॅस?

आकडेमोड : टोमणे नकोत. २०२२ मध्ये सीएमडी२चं जनुकसुद्धा सापडलंय, डीएनए पॉलिमरेज डेल्टाचं. मग मॅपिंग हवंय कशाला?

पूर्वा_चुनाभट्टी : हे गाईडला तुम्ही सांगता का?

कळव्याचा_माळी : निरोगी झाडं खरंच प्रतिकारक आहेत की माशी बसलीच नाही? आम्ही माशीच्या भरवशावर राहिलो. कुंपणाकडच्या दोन ओळी हिरव्यागार. पुढच्या साली त्यांच्याच कांड्या लावल्या, तर सगळी पानं कोकडली. कलम बांधून विषाणू द्या.

शिवडीकर : माळीबुवांचं बरोबर, पण आधी एफ२चं बघा. पहिल्याच क्रॉसची रोपं म्हणजे एफ१. भातासारखे शुद्ध आईबाप कसाव्यात नसतात, एफ१मध्येच गुणांची फाटाफूट होते. फक्त टीएमई३मध्ये विषम (दोन प्रती वेगळ्या) असलेले मार्कर वेगळे काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये एफ२ऐवजी बॅकक्रॉस म्हणून चालवा. काही उलटे येतील, ते पलटवा. त्याआधी नुसतं मोजा : निरोगी-रोगट निम्मे निम्मे आहेत का? एकाच जनुकाचं काम असेल तर तसंच दिसायला हवं.

पूर्वा_चुनाभट्टी : ७९ आणि ८९!! मार्कर काढायला बसते. जॉइनमॅप सॉफ्टवेअरमध्ये सीपी (अशा अशुद्ध आईबापांसाठीचा पर्याय) घेऊन बघू का? पण ते लॅबच्या संगणकावर आहे आणि चावी शिपाईकाकांकडे.

शिवडीकर : आर फुकट आहे, घरूनच करा.

माहीमची_काकू : म्हणजे निथळायला ठेवू ना?