खानावळीवरचा ॲनिमेटेड माहितीपट: नोकरी सांभाळून एकटीने कसा करावा?

प्रश्न | लालबागची रेघ

नमस्कार. मी लालबागला राहते आणि अंधेरीतल्या एका जाहिरात स्टुडिओत टू-डी ॲनिमेटर म्हणून काम करते. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांवर मला बारा मिनिटांचा ॲनिमेटेड माहितीपट करायचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या काळात कामगारांची उधारी अंगावर घेऊन ज्यांनी चूल विझू दिली नाही, त्यांच्यापैकी मी ज्यांना भेटले त्यांच्याकडे त्या दिवसांचा एकही फोटो नाही, आणि म्हणूनच हे चित्रांतून मांडावे असे वाटते. मुलाखती फोनवर ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्यांतल्या एक मावशी नाव आणि चेहरा दाखवू नये असे म्हणतात.

सेकंदाला चोवीस फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरले, तरी बारा मिनिटांना ८,६४० चित्रे होतात. सुरुवात कुठून करावी, नोकरी सोडावी का, आणि जे कोणी पाहिलेले नाही ते कितपत कल्पनेने काढावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर | कागदपेन्सिल

ताई, नोकरीचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा आणि त्याआधी चित्रे काढणे थांबवा. कॅमेऱ्याने माहितीपट करणारा माणूस भरपूर चित्रीकरण करतो आणि चित्रपट संकलनाच्या टेबलावर शोधतो. आपल्याला ते परवडत नाही, कारण आपण फेकून दिलेल्या प्रत्येक सेकंदामागे डझनभर चित्रे असतात. म्हणून आपले संकलन चित्रांच्या आधी, आवाजावर होते. सगळ्या मुलाखती शब्दशः उतरवून काढा, त्यांतून बारा मिनिटांचा आवाज श्वास आणि थांबे राखून कापा, त्यावर कच्च्या चौकटी लावून ॲनिमॅटिक, म्हणजे चित्रपटाचा आवाजासह कच्चा आराखडा, तयार करा, आणि विषयाशी संबंध नसलेल्या चार माणसांना ते दाखवा. त्यांना जिथे कंटाळा येईल तिथला दोष रंगकामाने झाकला जाणार नाही.

यानंतर ८,६४० हा आकडा एवढा भीतिदायक राहत नाही. मावशी उधारीच्या वहीबद्दल बोलत असताना वहीचे एकच स्थिर पान दहा सेकंद टिकू शकते. तिथे हालचाल केली तर उलट लक्ष उडते. श्रम जिथे खर्चायचे तिथे मात्र हात आखडू नका. भाकरी थापण्याचेच पाहा. तळव्याच्या प्रत्येक थापेबरोबर भाकरी परातीत थोडी फिरते आणि किंचित मोठी होते, त्यामुळे हाताच्या एका थापेची चित्रे पुन्हा पुन्हा वापरता आली तरी भाकरीचा थर वेगळा ठेवून तो सलग काढावाच लागतो. ती न फिरता वाढली, तर आपल्याकडच्या कोणत्याही प्रेक्षकाला ते तत्काळ खटकेल. मावशींचे हात वरून चित्रित करून ठेवा, आणि तळवा टेकल्याचे चित्र थापेच्या आवाजाच्या एक फ्रेम आधी ठेवून पाहा. बहुतेक वेळा ते अधिक नेमके वाटते.

उत्तर | ध्वनिवही

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि म्हणूनच फोनवरच्या ध्वनिमुद्रणावर थांबू नये असे सुचवतो. या प्रकारात खराखुरा दस्तऐवज म्हणजे आवाजच असतो. साधा कॉलर माइक वापरून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये मुद्रण करा. चाळीत सकाळी पाणी येण्याची वेळ टाळा, दुपारची जेवणे उरकल्यावर बसा, पंखा आणि फ्रिज बंद करा, आणि मुलाखत संपल्यावर त्याच खोलीतली एक मिनिटाची शांतता वेगळी मुद्रित करा; दोन वाक्ये जोडताना तिचा फार उपयोग होतो. शेजारच्या घरात रेडिओवर चित्रपटगीत चालू असेल तर थांबा. ते गाणे वाक्याखालून काढता येत नाही आणि त्याचे हक्क विकत घेणे आपल्या आवाक्याबाहेरचे असते.

तरीही फोनवरचे जुने मुद्रण पुसू नका. पहिल्यांदा सांगताना गळ्यात जे दाटून येते ते दुसऱ्यांदा येईलच असे नाही, आणि अशा दोन-चार वाक्यांसाठी थोडी खरखर मी आनंदाने स्वीकारतो.

उत्तर | जुना प्रेक्षक

कल्पनेच्या मर्यादेबद्दल लिहितो. ‘लुसिटानिया’ हे जहाज १९१५ मध्ये बुडाले तेव्हाचे चित्रीकरण उपलब्ध नव्हते, म्हणून अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी १९१८ मध्ये तो प्रसंग रेखाटून पडद्यावर आणला. ॲनिमेटेड माहितीपटांची परंपरा बहुधा तिथूनच सांगितली जाते. मात्र तो चित्रपट युद्धकाळातला होता आणि लोकमत पेटवण्याचा हेतू त्यात उघड दिसतो. चित्र पुरावा नसूनही पुराव्यासारखे पटते, हीच त्यातली ताकद आणि हाच धोका. म्हणून जे मावशींनी सांगितले ते एका शैलीत आणि जे तुम्ही जोडले ते दुसऱ्या शैलीत काढावे, असे माझे ठाम मत आहे. खोलीतली भांडी, चुलीची जागा, दाराची दिशा यांविषयी त्यांनाच विचारावे आणि कच्ची रेखाटने दाखवून दुरुस्त करून घ्यावीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच बायकांसाठी. तो संदर्भ घेतलात, तर या बायका केवळ सोसणाऱ्या नव्हत्या, हेही दिसेल.

उत्तर | घरचा स्टुडिओ

नोकरी सोडू नये, निदान ॲनिमॅटिक पक्के होईपर्यंत तरी. पुढेही स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे घर संस्थांच्या माहितीपर फितींवर आणि शिकवण्यावर चालते, आणि स्वतःचा चित्रपट उरलेल्या वेळात होतो. बाहेरचे काम घेताना आगाऊ रक्कम आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, हे लेखी ठरवा, अन्यथा तो उरलेला वेळही जातो.

सध्याचा नोकरीचा करार आधी नीट वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः नोकरी देणारा असतो. त्यामुळे हे काम स्वतःच्या यंत्रावर, घरी आणि स्वतःच्या सॉफ्टवेअरवर करा. ब्लेंडर आणि क्रिता विनामूल्य आहेत, आणि ओपनटून्झही २०१६ पासून विनामूल्य मिळते. चित्रपट पूर्ण झाल्यावर तो लगेच यूट्यूबवर टाकू नका, कारण काही महोत्सवांना पहिले प्रदर्शन आपल्याकडेच हवे असते. आपल्या शहरातला ‘मिफ’ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांसाठीच भरतो. प्रवेशिका कोणत्या विभागात द्यायची ते नियम वाचून ठरवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर | लालबागची रेघ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चित्रे थांबवून मुलाखती उतरवायला घेतल्या आहेत. एक शंका उरते: मावशींचा चेहरा आणि नाव बदलले, तरी आमच्या गल्लीत त्यांचा आवाज कोणीही ओळखेल.

उत्तर | कागदपेन्सिल

मग चेहरा बदलून त्यांना दिलेला शब्द पाळला जात नाही. २०२१ च्या ‘फ्ली’ या डॅनिश चित्रपटात निवेदकाची ओळख झाकण्यासाठी टोपणनाव आणि ॲनिमेशन या दोन्हींचा आधार घेतला होता. पण लालबागसारख्या वस्तीत तेवढ्याने भागणार नाही. त्यांची वाक्ये दुसऱ्या बाईंकडून, शक्यतो त्याच बोलीच्या, वाचून घेता येतील, आणि तसे केल्याचे चित्रपटाच्या सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगता येईल. कापलेला आवाज आधी मावशींना पूर्ण ऐकवा, संमतिपत्र मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवा, आणि रंगकाम सुरू होईपर्यंत माघार घेण्याची मुभा त्यात स्पष्ट लिहा. कदाचित भीती सगळ्या मुलाखतीची नसून एखाद्या सावकाराच्या किंवा नातेवाइकाच्या उल्लेखाची असेल. तसे असल्यास तेवढाच भाग काढावा लागेल आणि बाकीचा आवाज त्यांचाच राहू शकेल.